कागदावर 'रोईझ', उत्तनचे चुलते 'रॉड्रिग्ज': चर्चच्या जुन्या वह्या कुणी चाळल्यात का?

तलावपाळीकर (धागाकर्ता), शनिवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही ठाण्याचे ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच जुने कॅथलिक. तलावपाळीपासून चालत सात-आठ मिनिटांवर गावठाणात आमचं घर होतं, आता त्या जागी सात मजली बिल्डिंग आहे आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. मार्चमध्ये बाबा गेले. त्यांची पत्र्याची ट्रंक आवरताना पणजोबांच्या बाप्तिस्म्याचा दाखला सापडला. मूळ नोंद नव्हे, १९५४ साली पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, ऑफिसातून टाइप करून घेतलेली नक्कल. त्यात आडनाव आहे 'रोईझ' आणि तारीख ३ जुलै १८८९. आम्ही आजही रोईझच लावतो. शाळेत मास्तरांनी 'हे कसलं रे आडनाव?' असं विचारलं नाही असं एक वर्ष गेलं नाही.

उत्तनला आमचे चुलते आहेत, ते रॉड्रिग्ज लावतात. आमच्या आत्याच्या म्हणण्यानुसार (वय ८१, स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी) त्यांनी मुंबईत साहेबाच्या ऑफिसात नोकरी मिळावी म्हणून आडनाव 'फुगवलं'. या एका गोष्टीवरून दोन्ही घरांत पस्तीस वर्षं येणंजाणं नाही. लग्नाला नाही, मयताला नाही.

तारखेचंही काही जमत नाही. पणजोबांची आई सांगायची म्हणे, 'हा झाला तेव्हा भात निसवत होतं.' जुलैत कुठलं आलंय भात निसवायला? जुलैत लावणी चालू असते.

मी हौसेने फॅमिलीसर्च या घराणी शोधायच्या वेबसाइटवर आडनाव टाकून बघितलं तर साल्सेतच्या, म्हणजे आपल्या साष्टीच्या, नोंदी धबाधबा आल्या. म्हणजे मूळ सापडलं म्हणायचं का? इथून पुढे काय करायचं, अनुभव असलेल्यांनी सांगावं.

खाडीपलीकडचा, शनिवार, रात्री ११.०५

वाचतोय. माझा या विषयात उपयोग शून्य, कारण आम्ही ऐरोलीचे. सिडकोच आली १९७० साली, त्यामुळे इकडची बहुतेक पॅरिश माझ्यापेक्षा लहान. माझ्या मुलीच्या कम्युनियनच्या वेळी इथले फादर म्हणाले, 'तुमच्या सगळ्या नोंदी गावच्या पॅरिशमध्ये, इथे फक्त वर्गणीची पावती.' ह. घ्या.

मडगावची सून, रविवार, सकाळी ७.३०

तलावपाळीकर, थांबा. ते साल्सेत तुमचं नाही, आमचं आहे!

हा घोळ मी माझ्या माहेरच्या माणसांत चारदा निस्तरलाय. पोर्तुगीज कागदांत दोन साष्टी आहेत. एक गोव्यातली, मडगाव-रायतूरकडची, जिथे फादर स्टीफन्स होते आणि जिथे १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण छापलं गेलं. दुसरी तुमची, ठाणे-वांद्रे-भाईंदरची. दोन्हींच्या नावामागे सहासष्ट गावांचीच गोष्ट सांगतात आणि रोमन लिपीत दोन्हींची स्पेलिंगं कधी एक एस, कधी दोन, कधी सी, लिहिणाऱ्याच्या लहरीप्रमाणे. वेबसाइट बिचारी काय ओळखणार? तुम्हाला दिसलेल्या नोंदींपुढे गावाचं नाव बघा. मडगाव, बाणावली, कुडतरी असेल तर तो माणूस तुमच्या पणजोबांचा कुणीही लागत नाही.

माझे एक चुलतसासरे या नादात मालाडच्या एका कुटुंबाला आपले भाऊबंद समजून दोन वर्षं नाताळला केक पाठवत होते. केक मात्र त्यांनी परत केला नाही.

जुना दप्तरी, रविवार, सकाळी ९.१५

धागा आवडला. सरकारी दप्तरात मोडी वाचण्यात माझी नोकरी गेली, पोर्तुगीज मी निवृत्तीनंतर शिकलो, त्यामुळे चूकभूल द्यावी घ्यावी.

पहिला प्रश्न: तुम्ही मूळ वही बघितलीत का? १९५४ची नक्कल म्हणजे कुणीतरी वाचलेलं, कुणीतरी टाइप केलेलं आणि तिसऱ्याने सही ठोकलेलं. त्यावर काहीही बांधू नका.

दुसरं, 'रोईझ' हे मुळात निराळं आडनाव आहे का, याचीच मला शंका आहे. पोर्तुगीज कारकून आणि पाद्री आडनावं तोडून लिहीत. फर्नांडिसचं एफ-आर-झेड, गोन्साल्विसचं जी-एल-झेड. आणि रॉड्रिग्जचं आर-ओ-आय-झेड, वर एक आडवी लकेर. वाचणाऱ्याने ती लकेर सोडली की झालं रोईझ. आपण नाही का रा. रा. लिहीत, मु. पो. लिहीत? मोडीत मु॥ म्हणजे मुक्काम. उद्या कुणी 'मूदोनदंड' नावाचं गाव शोधायला निघाला तर जे होईल ते तुमच्या घरात झालंय असा माझा कयास.

पहिल्या नावांचंही तेच. फ्रान्सिस्कोचं 'फ्रान' लिहून वर बारीक 'को'. त्याला फ्रँको समजणारे आहेत. अँटोनियोचं 'आन्त' आणि वर 'ओ'.

पण हा कयास आहे. वही बघा.

उत्तनचा वारा, रविवार, सकाळी ११.५०

दप्तरीकाकांना +१००. आमच्या गावात एकाच घरात मोठ्या भावाच्या रेशनकार्डावर एक आणि धाकट्याच्या पासपोर्टवर दुसरं स्पेलिंग आहे, बँकेत दरवेळी प्रतिज्ञापत्र.

तलावपाळीकर, तुमचे चुलते कोण ते मला अंदाजाने कळलं, पण इथे नाव लिहीत नाही. सांगायचं एवढंच की त्यांच्याकडे गोष्ट बरोबर उलटी सांगतात. असो. दोन घरांच्या मध्ये मी कशाला पडू.

कोपरीचा मन्या, रविवार, दुपारी २.२०

एक बाळबोध प्रश्न. आडनाव पोर्तुगीज, वह्या पोर्तुगीज. मग गोव्याच्या लोकांसारखा पोर्तुगालचा पासपोर्ट मिळतो का? मित्रासाठी विचारतोय.

मडगावची सून, रविवार, दुपारी ३.००

मित्राला सांगा, नाही. गोव्यात १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमल होता, त्याआधी तिथे जन्मलेल्यांचा आणि त्यांच्या वंशजांचा तो मामला आहे. ठाणे १७३७ मध्ये आणि वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजांनी घेतली. तुमच्या मित्राला पासपोर्टसाठी शनिवारवाड्यावर अर्ज करावा लागेल.

मात्र या पासपोर्टच्या भानगडीमुळेच हल्ली जुना दाखला मागितला की ऑफिसातली माणसं संशयाने बघतात. जाल तेव्हा आधीच सांगा की घराण्याची माहिती हवी आहे, प्रमाणपत्र नको.

जुना दप्तरी, रविवार, संध्याकाळी ६.४५

मन्याच्या प्रश्नावरून आठवलं. ठाण्याच्या ख्रिश्चनांचा सगळा इतिहास पोर्तुगीजांपासून सुरू होतो असं समजू नये. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात मारले गेले आणि त्यांच्याबरोबर आलेल्या जॉर्डनस नावाच्या डॉमिनिकन साधूने ती हकीकत युरोपात कळवली. तेव्हाही इथे थोडे सिरियन परंपरेचे ख्रिश्चन होते. म्हणजे वसईच्या १५३४च्या तहाच्या दोनशे वर्षं आधी. अवांतर झालं, पण ठाणेकरांना सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आता कामाचं. चर्चमध्ये वह्या कुठल्या असतात ते समजून घ्या, म्हणजे ऑफिसात 'जुनी वही दाखवा' असं मोघम बोलावं लागणार नाही. बाप्तिस्मा आणि लग्न यांच्या नोंदी ठेवायचं बंधन सोळाव्या शतकातल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने घातलं. १६१४च्या रोमन विधिग्रंथात मयतांच्या वहीचा नमुनाही आला आणि घरटी माणसांची यादी ठेवायचाही. ही शेवटची यादी कुठे टिकली असेल तर सोनं समजा. एका घरात कोण कोण राहत होतं ते तीत एकत्र मिळतं.

बाप्तिस्म्याची जुनी पोर्तुगीज नोंद ठरलेल्या साच्यात असते. अमुक महिन्याच्या अमुक दिवशी मी बाप्तिस्मा दिला, मग मुलाचं नाव, मग 'फिल्यु लेजितिमु द', म्हणजे अमुक बाप आणि अमुक आईचा औरस मुलगा, मग 'नातुराल द', म्हणजे मूळ कुठले, आणि शेवटी धर्मपिता-धर्ममाता. लोक आईबापांच्या नावापाशी थांबतात. तुम्ही 'नातुराल द' आणि धर्मपित्यापाशी थांबा.

आणि वहीचा समास वाचायला विसरू नका. १९०७ साली रोमहून 'ने तेमेरे' नावाचा हुकूम निघाला, तो १९०८च्या ईस्टरपासून लागू झाला. तेव्हापासून माणसाचं लग्न कुठेही लागो, त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समासात ते टिपून ठेवायचं असतं. तुमचे पणजोबा १८८९चे, म्हणजे लग्न १९०८ नंतरचं असण्याचा संभव मोठा.

पोखरण रोडवरून, रविवार, रात्री ९.३०

उत्तम माहिती, वाचनखूण साठवली आहे.

एक शंका मात्र आहे. माझ्या साहेबाचं आडनाव परेरा, पर्सनल विभागातल्या माणसाचं परेरा आणि घराखालच्या बेकरीवाल्याचंही परेरा. तिघे एकमेकांचे कुणी नाहीत. मग या आडनावाच्या मागे जाऊन नक्की सापडणार काय?

उत्तनचा वारा, रविवार, रात्री १०.१०

बरोबर बोट ठेवलंत. आमच्यात आडनाव रक्ताबरोबर आलं असं खात्रीने सांगताच येत नाही. धर्मांतराच्या वेळी जो धर्मपिता उभा राहिला त्याचं आडनाव मिळालं, नाहीतर बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचं. एकाच पाड्यावरच्या, एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दहा घरांना एकच आडनाव आणि दोन सख्ख्या भावांना दोन, असंही व्हायचं. त्यात खुद्द पोर्तुगीजांची रीत अशी की मुलाने बापाचंच आडनाव लावलं पाहिजे असं काही नाही, आईचं लावलं तरी चालायचं, आजीचंही चालायचं.

अर्थ बघायला गेलं तर मजाच आहे. रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा मुलगा, फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा. परेरा म्हणजे नासपतीचं झाड. मच्याडो म्हणजे कुऱ्हाड. लोबो म्हणजे लांडगा. आणि फुर्टाडो म्हणजे चोरलेला! माझी बायको फुर्टाडो. मी तिला रोज आठवण करून देतो, ती मला रोज जेवायला उशिरा वाढते.

वसईकडे या आडनावांना मराठी जिभेने असं काही घासलंय की पोर्तुगीज माणसाला ओळखू येणार नाहीत. दिब्रिटो हे मुळात 'द ब्रिटो'. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा आमच्या ऑफिसात एकाने विचारलं होतं, 'हे इटालियन का हो?'

तेव्हा आडनाव धरून मागे जाऊ नका. गाव धरा, आईचं नाव धरा, धर्मपिता धरा. आडनाव हे फक्त दाराचं कुलूप, घर आत आहे.

तलावपाळीकर, पुढचा शनिवार, दुपारी १.१५

मंडळी, जाऊन आलो.

पहिल्या खेपेला हात हलवत परत आलो हे आधी सांगतो. ऑफिसातल्या बाईंनी मान वर न करता 'जुनी पुस्तकं दाखवत नाही, फॉर्म भरा, महिन्याने या' असं सांगून खिडकी लावली. पॅरिशचं नाव लिहीत नाही. दुसऱ्या खेपेला आत्याला बरोबर नेलं. आत्या खुर्चीत बसली, दम खाल्ला आणि बाईंना म्हणाली, 'तुझी आई आणि मी एका बाकावर होतो गं.' वही पाच मिनिटांत टेबलावर.

वही म्हणजे काय ते मला माहीतच नव्हतं. मला वाटलं होतं हिशेबाच्या वहीसारखी असेल. चांगली हातभर उंच, कातडी पुठ्ठा, कडेला कसरीने केलेली नक्षी. शाई काळी नव्हे, गंजासारखी तपकिरी, आणि जिथे पाद्रीबाबांनी टाक दाबलाय तिथे अक्षराच्या आकाराचं भोकच पडलंय, मागच्या पानावरची ओळ त्यातून डोकावते. फोटो काढू देत नाहीत. पानाला मी हातही लावायचा नाही, बाई उलटणार, मी बघणार. मी पेन्सिलीने जसंच्या तसं चितारून आणलंय.

दप्तरीकाका, साष्टांग दंडवत. आर-ओ-आय-झेड आहे आणि वर लकेर आहे. स्पष्ट आहे. त्याच पानावर खाली एफ-आर-झेडसुद्धा आहे, त्याच्यावरही तशीच लकेर. मी बाईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, 'हां, ते फर्नांडिस, ते सगळ्यांना माहितीय.' मग रोईझच तेवढं का नाही माहीत?

पण तारखेचं कोडं वाढलंय. मला वाटलं होतं जुलैचं पोर्तुगीज नाव असेल. नाव नाहीच. ३ हा आकडा, मग 'द', मग ७ आणि त्याला चिकटून वर बारीक अक्षरात बी-आर-ओ. सात म्हणजे जुलै हे बरोबरच दिसतंय. मग भाताचं काय?

जुना दप्तरी, शनिवार, दुपारी १.४०

भात बरोबर आहे. टायपिस्ट चुकला.

सात आणि ब्रो म्हणजे सप्टेंबर! लॅटिनमध्ये 'सेप्तेम' म्हणजे सात, आपलं सप्तच. जुन्या रोमन वर्षात तो सातवा महिना होता, म्हणून नाव तसं. लिहिताना ७ काढून पुढे 'ब्रो' जोडायची पद्धत. तसंच ८ आणि ब्रो म्हणजे ऑक्टोबर, ९ आणि ब्रो म्हणजे नोव्हेंबर, आणि डिसेंबरला फुलीसारखा रोमन दहा आणि ब्रो. १९५४च्या माणसाने सात बघितले आणि जुलै टाइप केला.

३ सप्टेंबर १८८९. बाप्तिस्मा जन्मानंतर थोड्याच दिवसांत उरकत असत, तेव्हा जन्म ऑगस्टची अखेर किंवा सप्टेंबरची सुरुवात धरा. भात निसवायचा हाच काळ. तुमच्या खापरपणजीबाईंना माझा नमस्कार.

मडगावची सून, शनिवार, दुपारी २.०५

अंगावर काटा आला. टाइप केलेल्या कागदापेक्षा म्हातारीचं तोंड खरं निघालं!

खाडीपलीकडचा, शनिवार, दुपारी २.३०

माझ्या आजोबांच्या दाखल्यावरही १०वा महिना असं इंग्रजी टाइप आहे आणि घरात सगळे त्यांचा वाढदिवस नाताळात करायचे. आता गावच्या पॅरिशला जावंच लागणार. दप्तरीकाका, तुम्ही माझा रविवार घालवलात.

तलावपाळीकर, शनिवार, रात्री ११.२०

आत्याला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'म्हणजे आपण पण रॉड्रिग्जच?' मी म्हटलं, हो. ती म्हणाली, 'मग त्यांनी फुगवलं नाही.' मी म्हटलं, नाही, आपलंच आक्रसलं.

आता पुढचं. नोंदीच्या समासात इंग्रजीत दोन ओळी आहेत: पणजोबांचं लग्न १९१२, ठाण्यातच. म्हणजे हुकूम पाळलेला दिसतो. पुढची पानं उलटताना बाईंना १८९२च्या पानावर त्याच आईबापांची अजून एक नोंद दिसली. पणजोबांचा धाकटा भाऊ! हाताचं वळण वेगळं, फादर बदललेले असावेत, आणि यांनी आडनाव अख्खं लिहिलंय, रॉड्रिग्ज, एकही अक्षर न गाळता. समासात: लग्न १९१६, उत्तनच्या पॅरिशमध्ये.

मला काय वाटलं ते इथे लिहिता येत नाही. दोघं भाऊ एका घरात जन्मले. एकाचा बाप्तिस्मा घाईत असलेल्या फादरने केला, दुसऱ्याचा सावकाश लिहिणाऱ्याने. पुढे १९५४ साली एकाच्या नातवाने नक्कल काढली. बस, एवढ्यावरून पस्तीस वर्षांचा अबोला.

उत्तनचा वारा, रविवार, सकाळी ८.००

आता बोलायला हरकत नाही. उत्तनच्या घरात असं सांगतात की ठाणेवाल्यांनी आडनाव 'तोडलं', ओळख नको म्हणून.

कोपरीचा मन्या, रविवार, सकाळी ८.२०

एकाने फुगवलं म्हणे, दुसऱ्याने तोडलं म्हणे. आणि केलं कुणीच नाही.

पोखरण रोडवरून, रविवार, सकाळी १०.००

मी शंका घेणारा माणूस, तरी विचारतो: १८८९च्या मागे जाता येईल का? आणि तेव्हा ठाण्यात इंग्रजांचं राज्य असताना वह्या पोर्तुगीजमध्ये कशा?

जुना दप्तरी, रविवार, दुपारी १२.३०

राज्य इंग्रजांचं, पण चर्चवर हक्क पोर्तुगालच्या राजाचा. त्याला पाद्रोआदो म्हणत. मुंबईच्या कॅथलिकांत यावरून शतकभर भांडण होतं. काही पॅरिश पोर्तुगीज पाद्रोआदोच्या, काही थेट रोमच्या प्रोपागांडाच्या (मिशनचं काम बघणारं पोपचं खातं), कधी कधी एकाच गावात दोन्ही. साष्टीतली बहुतेक पॅरिश पाद्रोआदोकडे होती. १८८६ मध्ये त्यांच्यासाठी दमणचं डायोसिस, म्हणजे बिशपचा प्रांत, निघालं. १९२८च्या करारानंतर हे दुहेरी प्रकरण मिटून ती मुंबईच्या आर्चडायोसिसमध्ये आली. म्हणून तुमच्या पणजोबांची नोंद पोर्तुगीजमध्ये आणि समासातली टीप इंग्रजीत. कागद शोधताना ते त्या साली कुणाच्या हाताखाली होते हे आधी बघायचं, नाहीतर आपण दमणच्या गोष्टी मुंबईत शोधत बसतो. वसईवाल्यांना आणखी एक वळण आहे, १९९८ पासून त्यांचं डायोसिस वेगळं.

गंमत बघा, 'ईस्ट इंडियन' हे नावही याच सुमारचं. १८८७ला व्हिक्टोरिया राणीच्या राज्याचा सुवर्णमहोत्सव होता, तेव्हा गोवेकर आणि मंगलोरी ख्रिश्चनांपासून आपण वेगळे, इथलेच, हे सांगायला ते घेतलं. तुमचे पणजोबा त्यानंतर दोन वर्षांनी जन्मले, म्हणजे त्यांचे वडील जन्माने ईस्ट इंडियन नव्हतेच!

मागे जायचं तर चर्चबाहेरचे कागदही बघा. ठाण्याचा १८८२चा गॅझेटियर आहे, तेरावा खंड, त्यात इथल्या ख्रिश्चनांची माहिती आहे. जमिनीचे जुने फेरफार बघा. महसुलात माणूस आडनावाने येत नाही, 'अमुक बिन तमुक' असा येतो, म्हणजे बापाचं नाव फुकट मिळतं. आणि १७३७ ते १७७४ हा मराठी अंमलाचा काळ मोडीत आहे, पुण्याच्या पेशवे दप्तरात. २०२३ पासून न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कुणबी नोंदींमुळे अख्खा महाराष्ट्र मोडी वाचणारा माणूस शोधत हिंडतोय, तेव्हा आमच्यासारख्यांना सध्या भाव आहे. तुमचे कागद असतील तर मी भाव लावणार नाही.

तलावपाळीकर, तिसरा शनिवार, रात्री ९.५०

लग्नाची वही बघून आलो. खापरपणजोबांचं लग्न १८८६. नवरीचं नाव तेच, तिच्या बापाचं नाव तेच, गाव तेच. पण नवऱ्याचं आडनाव परेरा.

मी तीन वेळा बाईंना पान परत उलटायला लावलं. परेराच आहे. आणि नवऱ्याच्या आईचं आडनाव रॉड्रिग्ज.

उत्तनचा वारा, शनिवार, रात्री १०.००

सांगितलं होतं! आजीचं आडनाव नातवांनी उचललं.

जुना दप्तरी, शनिवार, रात्री १०.२५

वाऱ्यासाहेब, जरा दमाने. असंही असू शकेल की तो दुसराच माणूस आहे आणि नवरीच्या नावाची जुळणी योगायोगाची. साष्टीत मारिया किती असतील मोजा. दोन गोष्टी तपासल्याशिवाय मी परेरा मान्य करणार नाही. लग्नाचे साक्षीदार कोण होते, आणि पुढे मुलांच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून त्यांच्यातलं कुणी उभं राहिलं का? आणि मयताची वही. खापरपणजोबा कधी गेले काही कळतं का घरात?

तलावपाळीकर, शनिवार, रात्री १०.४०

आत्या म्हणते 'पलेगात गेले'. म्हणजे १८९६ नंतरची वर्षं. धर्मपित्याचं नाव मी उतरवून आणलंय पण अर्धं कसरीने खाल्लंय. शेवटची अक्षरं 'ईरा' वाचता येतात.

जुना दप्तरी, शनिवार, रात्री १०.४५

ईरा म्हणजे परेरा असेल, फरेरा असेल, नोगेरा असेल. मयताची वही बघा. प्लेगच्या काळात त्या वहीत पानंच्या पानं भरलेली असतात आणि नोंदी तोकड्या असतात. भिंग न्या. आणि आत्याबाईंना न्याच.

तलावपाळीकर, रविवार, संध्याकाळी ७.१०

आत्या या शनिवारी येणार नाही. तिला उत्तनला जायचंय. काल तिने माझ्याकडून नंबर मागून घेतला आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून फोन केला. पाऊण तास. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, 'त्यांच्याकडे सुकं बोंबील चांगलं मिळतं, तुला किती आणू?'

परेराचं तिला अजून सांगितलेलं नाही.

चेंदणीकर, रविवार, रात्री ८.३०

धागा आज सापडला, एका बैठकीत वाचला. माझ्याकडे आजोबांच्या वेळचा एक कागद आहे, पोर्तुगीज नाही, बहुतेक लॅटिन. वर 'लुदोविकुस' असं नाव आहे आणि घरात या नावाचा कुणीच नव्हता. दप्तरीकाका, हे कोण?

जुना दप्तरी, रविवार, रात्री ८.५०

लुईस. घरात लुईस कोण होतं?

चेंदणीकर, रविवार, रात्री ८.५२

अरे देवा. आजोबाच.